चूळपंथकाचं पायपुसणं

प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांपैकी वेदना आणि तृष्णा या दोन कड्यांमधली फट आज उघडून दाखवीन, असा शब्द गेल्या आठवड्यात दिला होता. ती फट अडीच हजार वर्षं तिथेच आहे, आणखी थोडी थांबेल. मधेच बिरसीहून एक पत्र आलं आहे, ते थांबवण्यासारखं नाही.

बिरसी म्हणजे आपल्या गोंदियाजवळची, धावपट्टीवाली. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे विमानतळ केला. आता तिथे वैमानिक तयार होतात आणि २०२२ पासून प्रवासी विमानंही उतरायला लागली. पत्र लिहिणारा तरुण पोलीस भरतीत पुन्हा राहिला. रोवणीचे दिवस, बांधीत चिखलात उभं राहायचं आणि डोक्यावर शिकाऊ विमानं घिरट्या घालणार. ‘ती माझ्याच वयाची पोरं चालवतात,’ असं तो लिहितो. वडील काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. आपण कशाच्याच लायकीचे नाही, आपण नसलो तर घराचा भार हलका होईल, असंही एका ओळीत आहे. आणि मग प्रश्न : ‘वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू आहे. सगळे सांगतात, अत्त दीप भव. ज्याच्या दिव्यात तेलच नाही त्याने काय करायचं?’

भाऊ, त्या भार हलका होण्याच्या ओळीबद्दल आधी. ही ओळ मला लिहिलीत तशी आजच घरातल्या किंवा जवळच्या एखाद्या माणसाला बोलून दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. गोंदियाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांना भेटा. जाताना सोबत कुणाला तरी न्या. धम्मात याला कमीपणा नाही. आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हाताने करणाऱ्या शास्त्याचा हा धम्म आहे. बुद्धाच्या काळच्या थेर-थेरींमध्येही, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू-भिक्खुणींमध्येही, जगणं नकोसं झालेली माणसं होती. सिंहा थेरी सात वर्षं मनाच्या तळमळीत फिरली, सप्पदास थेराला प्रव्रज्येनंतर पंचवीस वर्षं क्षणाची शांती नव्हती. संघाने त्यांचे बोल लपवले नाहीत, थेरगाथा-थेरीगाथांत जपून ठेवले.

आता तेलाचा प्रश्न. ‘अत्त दीप’चा, म्हणजे स्वतःच दीप होण्याचा, उपदेश कुणाला आणि कधी केला, ते बघा. तथागत ऐंशीला टेकले होते, वैशालीजवळ वर्षावासात मोठ्या आजारातून नुकते उठले होते आणि समोर आनंद होता. सावलीसारखा पंचवीस वर्षं सोबत राहिलेला, संपूर्ण संघ पाठीशी असलेला आनंद. शिवाय त्याच उपदेशात धम्माचाही आधार घ्यायला सांगितलं आहे, तो भाग भिंतीवरच्या पाटीत मावत नाही. एकट्या पडलेल्या माणसाला तथागत काय म्हणाले, हे पाहायचं तर राजगृहात आम्रवनाच्या दाराशी जायला हवं. तिथे चूळपंथक रडत उभा आहे.

हा माझा फार जुना लाडका माणूस. आई राजगृहातल्या धनिक श्रेष्ठीची मुलगी, बाप त्याच घरातला दास. दोघं पळून गेली आणि दोन्ही मुलं वाटेतच जन्मली. थोरला महापंथक हुशार, आधी भिक्खू झाला, मग धाकट्याला संघात आणलं. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. पुढची ओळ घोकली की मागची गेली. भाऊच वैतागला : तुझ्याने होणार नाही, घरी जा. तेवढ्यात जीवक वैद्याने दुसऱ्या दिवसाच्या भोजनाचं आमंत्रण दिलं. आमंत्रणांची व्यवस्था महापंथकाकडेच होती, आणि त्याने यादीत धाकट्याला धरलंच नाही. नापास होणं माणूस एक वेळ पचवतो. आपल्याच माणसाने मोजणीतून वगळलं, ते पचत नाही.

पहाटे तो चीवर सोडायला निघाला. दारात तथागत उभे होते.

इथून पुढे अट्ठकथा, म्हणजे नंतरची टीका, एक सांगते आणि थेरगाथेच्या दसकनिपातातल्या चूळपंथकाच्या स्वतःच्या दहा गाथा थोडं वेगळं सांगतात. अट्ठकथेत शुभ्र कापड आहे. पूर्वेकडे तोंड करून बस, ‘रजोहरणं’ म्हणत हे चोळत राहा, असं तथागत सांगतात. चोळता चोळता कापड मळतं आणि त्या मळण्यातून त्याला अनित्यता उमगते. गोष्ट सुबक आहे, पण मला त्याच्या स्वतःच्या गाथा जास्त जवळच्या वाटतात. त्यांत तथागत आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, दंड धरून त्याला आत नेतात आणि मग हातात देतात ते चक्क पायपुसणं. यावर मन ठेव, एवढंच काम.

‘तू हुशार आहेस’ असं ते म्हणत नाहीत. भाऊ चुकला, असंही नाही. स्वतःचा दीप हो, हे तर अजिबात नाही. आजकाल भरतीच्या अकादम्यांत व्याख्यातेसाहेब येऊन ‘तुमच्यात वाघ आहे’ म्हणून ओरडतात. पोरं तासभर टाळ्या पिटतात आणि रात्री आणखी खचतात, कारण वाघ काही सापडत नाही. चूळपंथकाला हात मिळाला, बसायला जागा मिळाली आणि करता येईल एवढं काम मिळालं.

मग जीवकाच्या घरचं भोजन. पान वाढायला घेतलं तर तथागतांनी पात्रावर हात ठेवला. विहारात कुणी उरलंय का? महापंथक म्हणाला, कुणी नाही. तथागत म्हणाले, आहे. वगळलेला एक मोजला जाईपर्यंत जेवण अडलं. अट्ठकथाकार पुढे आम्रवन हजार चूळपंथकांनी भरून टाकतात. तो चमत्कार ज्याला हवा त्याने घ्यावा, मला पात्रावरचा हात पुरतो.

हीच अट्ठकथा एक कारणही चिकटवते. मागे कधी काश्यप बुद्धाच्या काळी त्याने एका मंद भिक्खूची टिंगल केली होती, म्हणून या जन्मी मंद झाला. हा भाग मी कुठेच सांगत नाही. त्याच्या स्वतःच्या गाथांत तो नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माने आजची अवस्था ठरते या मताची चिरफाड केली आहे, आणि आपल्यासाठी तर तो विषय संपला पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगून माणसं गावकुसाबाहेर ठेवली. त्याच ग्रंथात सुनीत, सोपाक, कुष्ठरोगी सुप्रबुद्ध यांना वेगळा भाग दिला आहे. वाचन तिथवर आलं असेल तर तो भाग स्वतः मोठ्याने वाचून बघा.

पण बाहेरून लादलेला हीनपणा फेकला तरी आतला राहतोच. त्यावर तथागतांचं निदान ऐकायला कडू आहे. राजगृहाच्या वेळुवनात सोण नावाच्या गृहपतीच्या मुलाला ते सांगतात : मी वरचढ, मी बरोबरीचा, मी हीन, ही तिन्ही मोजमापं बदलणाऱ्या गोष्टींवर उभी आहेत. परंपरा तिन्हींना ‘मान’ म्हणते. म्हणजे गर्विष्ठाच्या आणि खचलेल्याच्या हातात एकच पायली. खचलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी हे सांगणं मात्र क्रूरपणा आहे. आधी दंड धरावा. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, आणि तुमचा दोष म्हणून नाही : विमानातल्या पोराशी स्वतःला मोजताना तुम्ही जी पायली वापरता ती तुमची नाही. ती ज्याला सापडते त्याला ती बाजूला ठेवताही येते.

१९५४ साली आपल्याच तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक हरले, हे उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच. मी देत नाही. बाबासाहेबांशी मोजायला लावणं हीसुद्धा पायलीच.

चूळपंथकाचं पुढे काय झालं? तो अर्हत झाला आणि भावनेच्या एका अंगात तथागतांनी त्याला अग्र म्हटलं. अट्ठकथा म्हणते, त्याला सगळं पिटक एकदम आलं. विनयपिटकातली एक गोष्ट मात्र वेगळंच सांगते. श्रावस्तीत भिक्खुणींना उपदेश करायची त्याची पाळी आली. आज काही खरं नाही, भिक्खुणी कुजबुजल्या, हा तेच एक उदान पुन्हा पुन्हा म्हणणार. आणि त्याने खरंच तेच म्हटलं, पुन्हा पुन्हा. पण अशा काही तऱ्हेने की बायका अंधार पडेपर्यंत हलल्या नाहीत. नगराचं दार बंद झालं, रात्र बाहेर काढावी लागली, लोक बोलले, आणि सूर्यास्तानंतर भिक्खुणींना उपदेश करू नये असा नियम झाला. पाठांतर त्याला शेवटपर्यंत आलं नाही, असा मी याचा अर्थ घेतो.

तुमच्या पत्रातला दुसरा प्रश्न, जीव तोडून मेहनत करूनही हाती काही का लागत नाही, हा सोण कोळिविसाचा आहे. हा सोण वेगळा : चालून चालून तळवे रक्ताळलेला, वीणा वाजवणारा. तो पुढच्या आठवड्यात. बारा कड्यांना अजून एकदा थांबावं लागणार. तोवर दोन ओळींचं पत्र टाका, कुणाशी बोललात ते कळवा.