दहा बाय दहाची खोली आणि एक्क्याण्णव मिक्स

घरच्या लॅपटॉपवर गाणी करणाऱ्या मुलांकडे एक यादी कायम तयार असते. कुठला माइक, कुठले स्पीकर, कुठला प्लगइन. ही यादी पुरी झाली की आपलं गाणंही नामवंतांच्या गाण्यासारखं वाजू लागेल, हा म्युझिक प्रॉडक्शनमधला सर्वांत महाग पडणारा गैरसमज.

२०१९ साली बिली आयलिशचा 'व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?' हा अल्बम आला. तिचा भाऊ फिनिअस ओकॉनेल याने तो लॉस एंजेलिसमध्ये आईवडिलांच्या घरी, मुख्यतः स्वतःच्या बेडरूममध्ये केला. सॉफ्टवेअर 'लॉजिक प्रो', म्हणजे मॅक असलेल्या कुणालाही विकत घेता येणारं. २०२० च्या ग्रॅमीत तो वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला आणि फिनिअस वर्षाचा सर्वोत्तम प्रोड्यूसर. त्या गाण्यांत दातांच्या डॉक्टरकडच्या ड्रिलचा आवाज आहे, ऑस्ट्रेलियातल्या रस्ता ओलांडायच्या सिग्नलची टकटक आहे. असे आवाज फोनवरही टिपता येतात. ते गाण्यात नेमके कुठे बसतील, हे सुचायला मात्र पैसे कामी येत नाहीत.

याच गोष्टीतून उलटा गैरसमजही निघतो, की मग खोली कशीही असली तरी चालेल. नाही चालत. आपल्याकडची नेहमीची दहा बाय दहाची खोली घ्या. समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो. तो भिंतीजवळ फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. खोली चौरस असल्याने लांबी आणि रुंदी दोन्हीकडून हेच घडतं. बेस गिटारची ए तार मोकळी छेडली की ५५ हर्ट्झचा स्वर येतो, म्हणजे जवळपास त्याच जागी. खोलीच्या मध्यावर टेबल मांडून बसलेल्याला तो स्वर जेमतेम ऐकू येतो. म्हणून तो बेस वाढवतो, आणखी वाढवतो, आणि तेच गाणं मित्राच्या गाडीत लावलं की दरवाजे थरथरतात. गडी मग स्पीकर बदलतो. स्पीकरचा काही दोष नसतो.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून स्टुडिओ तयार होतो, हीसुद्धा जुनी दंतकथा. पातळ पुठ्ठ्याला बेस अडवता येत नाही आणि बाहेरचा हॉर्नही अडत नाही. कोपऱ्यांत रॉकवूलचे जाडजूड थर लावले तर बेस थोडा आवरतो. गाणं म्हणणाऱ्याच्या मागे जाड गाद्या उभ्या केल्या तरी आवाजातलं पोकळ घुमणं कमी होतं. मुरलेला प्रोड्यूसर आधी आपली खोली कुठे खोटं बोलते ते शिकतो आणि मग बाहेर जाऊन खातरजमा करतो. यामाहाचे एनएस-१० हे स्पीकर १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी आले होते. ते आवाजाला गोडवा देत नाहीत, मिक्समधले दोष उघडे पाडतात. म्हणूनच जगभरच्या स्टुडिओंत ते मिक्सर बोर्डवर जाऊन बसले. आपल्याकडे तर गाण्याची परीक्षा दोन टोकांना होते. एकीकडे मोबाइलचा नखाएवढा स्पीकर, ज्यात खालचा बेस ऐकूच येत नाही. तिथे बेसचे वरचे अंश नीट ठेवावे लागतात, म्हणजे कान उरलेलं चित्र पुरं करतो. दुसरीकडे मिरवणुकीतली डीजेची भिंत. असे मोठे संच बहुतेकदा डावा-उजवा आवाज एकत्र करून वाजवतात. हेडफोनवर भव्य पसरलेला सिंथ तिथे अर्धा गायब होऊ शकतो. हौशी माणूस हे प्रसिद्ध केल्यावर ऐकतो, व्यावसायिक आधी.

प्रोड्यूसर म्हणजे बटणांचा जादूगार, असं वाटणाऱ्यांनी रिक रुबिनकडे पाहावं. आपल्याला मिक्सर बोर्ड चालवता येत नाही, तांत्रिक कौशल्य नाही, असं तो मुलाखतीत उघडपणे सांगतो. १९९४ च्या 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज'साठी त्याने साठी ओलांडलेल्या जॉनी कॅशला बऱ्याच गाण्यांसाठी आपल्या दिवाणखान्यात बसवलं आणि फक्त गिटार हातात दिली. ड्रम नाहीत, कोरस नाही. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि कॅशचं करिअर पुन्हा उभं राहिलं. बीटल्सचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिनचंही तेच. १९६५ साली 'यस्टरडे' या गाण्याला स्ट्रिंग क्वार्टेट हवं, हे त्याने सुचवलं. पॉल मॅकार्टनी आधी राजी नव्हता. अखेर त्या गाण्यात पॉलचा आवाज, त्याची गिटार आणि चार तंतुवाद्यं एवढंच उरलं. बाकीचे तिघे बीटल्स त्यात वाजवत नाहीत. जगातल्या सर्वांत लोकप्रिय बँडच्या तीन वादकांना गप्प बसवायचं हा निर्णय, आणि प्रॉडक्शन म्हणजे मुख्यतः असेच निर्णय.

हे काम आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ते अरेंजर करत. गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस, आपले अनिल मोहिले. चाल संगीतकाराची, तिच्याभोवती व्हायोलिन कधी यायची, कधी थांबायची, मधल्या जागेत काय वाजायचं, ते ही मंडळी कागदावर उतरवत. त्यांची नावं श्रोत्यांना आजही फारशी ठाऊक नाहीत, हा अन्यायच.

आता आवाजाच्या चढाओढीबद्दल. जोरात वाजेल ते दमदार, असं कानाला खरोखरच वाटतं. आवाज वाढला की बेस अधिक ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणूनच हौशी माणसाला स्वतःने केलेला प्रत्येक बदल सुधारणा वाटतो, कारण बहुतेक बदलांनी गाणं थोडं मोठं झालेलं असतं. व्यावसायिक आधीची आणि नंतरची आवृत्ती सारख्या पातळीवर आणून तुलना करतो. ही सवय फुकट आहे आणि कुठल्याही प्लगइनपेक्षा जास्त उपयोगी. शिवाय स्पॉटिफाय सहसा सगळी गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) या पातळीवर आणून वाजवतं. दाबून-चेपून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि हाती उरतो तो फक्त चेपलेपणा.

"जितका वेळ घालवू तितकं चांगलं होईल" या समजुतीला सर्वांत मजेशीर उत्तर 'थ्रिलर'ने दिलं आहे. क्विन्सी जोन्सने प्रोड्यूस केलेल्या मायकल जॅक्सनच्या या १९८२ च्या अल्बमचा साउंड इंजिनिअर ब्रूस स्वीडीन सांगायचा, की 'बिली जीन'ची ९१ मिक्स झाली आणि अखेर रेकॉर्डवर गेलं ते दुसरं. याच गाण्याची सुरुवात फार लांब आहे, कापा, असं जोन्सचं मत होतं. जॅक्सनने ऐकलं नाही आणि ती सुरुवात राहिली. हरायची तयारी हासुद्धा प्रोड्यूसरचा गुण मानावा लागेल. पुढे अल्बम तयार म्हणून ऐकला तर आवाज मिळमिळीत. एलपीच्या एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली की खाचा अरुंद होतात आणि आवाजाचा जोर जातो. मग गाणी कापली, नव्याने मिक्स केली आणि अल्बम बाजारात गेला. हौशी प्रोड्यूसरच्या लॅपटॉपवर मात्र आठ-आठ बारांचे ढीगभर लूप पडलेले असतात आणि पूर्ण झालेलं गाणं एकही नसतं.

एकट्याने सगळं करणारा अलौकिक कलावंत ही प्रतिमाही फसवी आहे. फिनिअसचं बेडरूममधलं काम रॉब किनेल्स्कीने मिक्स केलं, जॉन ग्रीनहॅमने मास्टर केलं. 'थ्रिलर' हे गाणं रॉड टेम्परटनने लिहिलं. ए. आर. रहमानच्या चेन्नईतल्या स्टुडिओत एच. श्रीधरसारखा ध्वनिमुद्रक होता. आणि १९९२ चा 'रोजा' हा रहमानचा पहिला चित्रपट असला, तरी त्याआधीची कित्येक वर्षं तो इतरांच्या रेकॉर्डिंगमध्ये कीबोर्ड वाजवत होता, जाहिरातींच्या जिंगल्स करत होता.

राहिला हिशेब. "गाणं चाललं की आपोआप वाटा मिळेल" असं मानून बरेच जण बीट पाठवून देतात. भारतात कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला गाण्याच्या वापरातला रॉयल्टीचा हक्क सोडून देता येत नाही. हे संरक्षण रचना करणाऱ्याला आहे. ध्वनिमुद्रणाचा प्रोड्यूसर म्हणून कायदा ओळखतो तो मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याला, म्हणजे बहुधा कंपनीला. लॅपटॉपवर रात्री जागणाऱ्याला कायदा त्या नावाने ओळखत नाही. तेव्हा चालीत तुमचा हात असेल तर तो किती, हे फाइल पाठवण्याआधी कागदावर लिहून सह्या करून घ्या.