वर्षाला ०.९ मूल

बुलढाणा जिल्ह्यात वर्षाला साधारण ३८,८०० बाळे जन्माला येतात. २०११ च्या जनगणनेतली २५ लाख ८६ हजार लोकसंख्या आणि राज्याचा हजारी १५ च्या आसपासचा जन्मदर, एवढ्यावर हा हिशेब आहे. त्यांपैकी सिस्टिक फायब्रोसिस घेऊन जन्मणारी किती? भारतासाठी नेहमी दिला जाणारा अंदाज ४३,३२१ जन्मांमागे १ असा आहे. भागाकार केला की उत्तर येते ०.९. दहा वर्षांत ९ मुले, तीही तेरा तालुक्यांत विखुरलेली.

संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालला रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरसाठी याचा अर्थ असा की असे मूल अख्ख्या नोकरीत एकदा समोर येईल, किंवा येणारही नाही. आले तरी त्याच्या कपाळावर नाव लिहिलेले नसेल. ते खोकला म्हणून येईल, वजन भरत नाही म्हणून येईल, मे महिन्यात सलाईन लावायला येईल.

आजाराचे मूळ एका जनुकात आहे. सातव्या गुणसूत्रावरचे सीएफटीआर हे जनुक १९८९ मध्ये सापडले. ते १,४८० अमिनो आम्लांचे प्रथिन बनवते आणि या प्रथिनाचे काम पेशीच्या पटलातून क्लोराईडची ये-जा सांभाळणे. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली की फुप्फुसातला कफ चिकट होतो, स्वादुपिंडाचा रस आतड्यात नीट पोचत नाही आणि घामातले मीठ त्वचेखालीच परत शोषले जायचे ते घामाबरोबर बाहेर जाते. निदान या तिसऱ्या गोष्टीवर टेकलेले आहे.

पण आधी तो ४३,३२१ तपासू. दिल्लीच्या एम्समधल्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९५५ नवजात बाळांच्या नाळेतले रक्त पाहिले गेले. डेल्टा एफ५०८ या एका दोषाचे वाहक निघाले ४. म्हणजे २३८ मागे १. त्यावरून आजाराचा अंदाज बांधला गेला तो ४३,३२१ ते १,००,३२३ जन्मांमागे १ असा. आकड्याला शेवटच्या घरापर्यंत नेमकेपणा आहे, पाया मात्र ४ बाळांचा. एक वाहक कमी सापडला असता तर २३८ च्या जागी ३१८ आले असते, एक जास्त सापडला असता तर १९१.

दुसरी गोम याहून मोठी आहे. रुग्णांच्या बिघडलेल्या प्रतींमध्ये डेल्टा एफ५०८ चा वाटा किती, हे या हिशेबात गृहीत धरावे लागते. युरोपीय वंशाच्या रुग्णांत तो ७० टक्क्यांच्या आसपास असतो. भारतीय रुग्णांच्या निरनिराळ्या अभ्यासांत तो १९ ते ४४ टक्के आढळला. तो २५ टक्के धरला, तर त्याच ४ वाहकांवरून उत्तर निघते १४ हजारांमागे १, आणि बुलढाण्याचे ०.९ मूल २.७ होते. भारतीय उपखंडातून ब्रिटनला गेलेल्या कुटुंबांत १० ते १२ हजारांमागे १ आणि अमेरिकेतल्या भारतीयांत ४० हजारांमागे १ असे आकडे नोंदले गेले आहेत. म्हणजे 'हा गोऱ्यांचा आजार' हे वाक्य टिकत नाही. 'आपल्याकडे दुर्मीळ' हे टिकते, फक्त किती दुर्मीळ यात सातपट फरक पडू शकतो.

जगाचा ताळा २०२२ मध्ये एका शोधनिबंधाने मांडला. ९४ देशांत मिळून अंदाजे १,६२,४२८ रुग्ण, त्यांपैकी निदान झालेले १,०५,३५२. उरलेले ५७ हजार, म्हणजे ३५ टक्के, आजारासह जगत आहेत पण दुसऱ्याच कुठल्या तरी नावाने.

आपल्याकडे ते दुसरे नाव बहुधा क्षयरोग असते. देशात क्षयरुग्णांची नोंद २०२२ मध्ये २४.२ लाख, २०२३ मध्ये २५.५ लाख आणि २०२४ मध्ये सुमारे २६ लाख झाली. २०२२ च्या नोंदीत मुलांचा वाटा ५.६ टक्के होता, म्हणजे सुमारे १ लाख ३५ हजार. त्याच देशात वर्षाला २.३ कोटी जन्म आणि ४३,३२१ चा दर धरला तर सिस्टिक फायब्रोसिसची नवी बाळे ५३१. प्रमाण २५४ ला १. खोकला जात नाही, ताप येतो, वजन उतरते, क्ष-किरण फोटोत डाग दिसतो, अशा मुलाला आधी क्षयरोग समजणारा डॉक्टर चुकत नाही. तो गणित बरोबर करतो. लहान मुलांचा बेडका सहसा मिळत नाही, त्यामुळे जंतू न सापडताही उपचार सुरू होतात, आणि तेही नियमाला धरूनच.

चूक पुढे होते. क्षयाचा उपचार सहसा सहा महिन्यांचा. तो पुरा होऊनही खोकला तसाच राहिला, तर २५४ ला १ हे प्रमाण जुने झाले. औषधाला दाद न देणारे, वारंवार न्यूमोनिया होणारे, भरपूर खाऊनही न वाढणारे मूल आता १ लाख ३५ हजारांच्या गर्दीत बसत नाही. ते गर्दीबाहेरच्या थोड्यांत बसते, आणि तिथे सिस्टिक फायब्रोसिसचा वाटा वाढतो. तरीही होते असे की दवाखाना बदलतो, नवा डॉक्टर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतो आणि अंदाज परत २५४ ला १ वर जातो. आधीच्या उपचाराचा कागद सोबत नसेल तर त्याच्याकडे दुसरा मार्गही नसतो.

वजनाच्या खुणेचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. चौथ्या फेरीत ३६ टक्के होती. उंचीच्या मानाने अति कृश मुले ९.४ टक्क्यांवरून १०.९ टक्क्यांवर गेली. जिथे तीनांतले एक मूल हलके आहे, तिथे नुसत्या वजनावरून काही ओळखता येत नाही. ओळखता येते ते भुकेवरून आणि शौचावरून. या आजाराच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत स्वादुपिंडाचा रस अपुरा पडतो, तेव्हा मूल खाते पुष्कळ, पण शौच तेलकट, भरपूर आणि उग्र वासाचे होते. कुपोषणाच्या तक्त्यात या रकान्याला जागा नाही.

आता मीठ. वरवट बकाल पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येते. विहिरीचे पाणी खारट, बोअरचे खारट, आणि संग्रामपूर–जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार वर्षानुवर्षांची. अशा गावात 'लेकराचा मुका घेतला की खारट लागते' हे आईचे बोलणे पाण्याच्या खात्यावर जमा होते. पण पाणी सगळ्या घराने सारखेच प्यायलेले असते. थोरला भाऊ खारट लागत नाही आणि धाकटीच्याच कपाळावर घाम वाळला की पांढरी रेघ उमटते, तर हिशेब पाण्याचा नाही.

हा दुवा सापडला तोही उन्हामुळे. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली तेव्हा हा आजार असलेली मुले बेशुद्ध होऊन रुग्णालयात येऊ लागली, आणि १९५३ मध्ये पॉल दि सांतान्येझे यांनी कारण घामातल्या जादा मिठात असल्याचे दाखवले. विदर्भात ४४ अंश हा मे महिन्याचा नित्याचा पारा आहे. असे मूल जुलाब नसताना कोरडे पडते, सलाईनने दोन दिवसांत तरतरीत होते आणि घरी जाते. खूण रक्ताच्या अहवालात राहून जाते. जुलाबाने पाणी गेलेल्या मुलाचे बायकार्बोनेट उतरते. या मुलाचे ते चढलेले असते, आणि सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड तिन्ही उतरलेले. दोन उन्हाळे ओळीने असे झाले तर तो योगायोग मानू नये.

निदानाचा आकडा एकच आहे: घामातले क्लोराईड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त. ३० च्या खाली असेल तर आजाराची शक्यता कमी; ३० ते ५९ हा अधांतरी पट्टा. तपासणीची रीत १९५९ पासून मुळात तीच आहे. मुलाच्या हातावर पायलोकार्पिन हे औषध लावून पाच मिनिटे सौम्य वीजप्रवाह देतात. तिथे घाम सुटतो. मग अर्धा तास तो घाम गॉजच्या तुकड्यावर किंवा पातळ नळीच्या गुंडाळीत गोळा करतात. गॉजवर किमान ७५ मिलिग्रॅम हवा, गुंडाळीत १५ मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचा तिसरा हिस्सा. तेवढाही न निघालेले नमुने तीन महिन्यांवरील मुलांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत, असा प्रयोगशाळांसाठी दंडक आहे. एम्सच्या गटाने २००२ मध्ये याच तपासणीची देशी, कमी खर्चाची पद्धत 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध केली. अडचण यंत्राची फारशी नाही, हाताच्या सवयीची आहे. महिन्यात एक तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञाचा हात आठवड्यात पाच करणाऱ्यासारखा बसत नाही.

अहवालात फसायच्या जागा दोन. काही यंत्रे क्लोराईड मोजत नाहीत, घामाची वाहकता मोजतात. तिच्यात सगळे क्षार धरले जात असल्याने आकडा क्लोराईडपेक्षा साधारण १५ ने जास्त येतो. वाहकता ६५ आणि क्लोराईड ६५ या एक गोष्टी नव्हेत. पहिला आकडा अधांतरी पट्ट्यातला, दुसरा आजाराचा. दुसरी जागा कुपोषणाची: तीव्र कुपोषणात घामाचे क्लोराईड खोटे चढू शकते, अंगावर सूज असेल तर खोटे उतरू शकते. म्हणून तपासणी दोनदा, आणि शक्यतो मुलाची तब्येत सावरल्यावर.

मग सगळ्याच मुलांची का करू नये? समजा तपासणी १ टक्का वेळा खोटा होकार देते. १ लाख मुले सरसकट तपासली तर खरे रुग्ण २, खोटे होकार १,०००. तेच, वीसात एकाला आजार असावा अशी निवडलेली १,००० मुले घेतली तर खरे ५० आणि खोटे ९ किंवा १०. तपासणी तीच, कुणाला पाठवले, त्यावर तिची किंमत ठरते. अमेरिकेत २०१० पर्यंत सर्व ५० राज्यांत नवजात बाळांच्या टाचेच्या रक्तावरून पहिली चाळणी सुरू झाली, घामाची पाळी त्यानंतर येते. आपल्याकडे ती चाळणी सरसकट नाही. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० आजारांच्या यादीतही हे नाव नाही. त्यामुळे चाळणीचे काम बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरच्या स्मरणशक्तीवर सोडलेले आहे.

जनुक तपासणीचा अहवाल आणखी जपून वाचावा लागतो. फक्त डेल्टा एफ५०८ पाहिला, तर ७० टक्के वाटा असलेल्या समाजात ९१ टक्के रुग्णांत निदान एक प्रत सापडते. वाटा २५ टक्के असेल तर ४४ टक्क्यांतच सापडते. उरलेल्या ५६ टक्के खऱ्या रुग्णांच्या अहवालावर 'दोष आढळला नाही' असे छापून येते. या जनुकातले २,००० हून अधिक बदल नोंदले गेले आहेत, आणि युरोपीय रुग्णांवरून बेतलेली वीस-तीस दोषांची यादी आपल्या मुलांना पुरत नाही. पूर्ण जनुक वाचून घ्यावे लागते. उपचाराच्या दृष्टीनेही तेच महत्त्वाचे, कारण २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले, तेव्हा वर्षाला ३ लाख ११ हजार डॉलर किंमत लावलेले तीन औषधांचे मिश्रण कोणता दोष आहे त्यावर चालते किंवा चालत नाही.

प्रवासाचा हिशेब उलटा आहे. जनुकासाठीचे महाग रक्त कुरिअरने जाते, स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी शौचाची डबीही जाते. स्वस्त घाम जात नाही. तो वाफ होतो आणि आकडा बिघडतो. मूलच न्यावे लागते. शेगाव स्टेशनवरून मुंबई पाचशे किलोमीटरहून जास्त, नागपूर तीनशेच्या आसपास. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसची काही औषधे तिसऱ्या गटात आहेत, मदतीची कमाल मर्यादा ५० लाख रुपये, आणि मुंबईचे केईएम हे त्यासाठीच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक. त्या दारात शिरायला आधी निदानाचा कागद लागतो.

तेव्हा निघण्यापूर्वी जुने क्ष-किरण फोटो, क्षयाच्या उपचाराचे कार्ड, अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी आणि उन्हाळ्यातल्या सलाईनच्या तारखा एका पिशवीत घ्या. जिथे जाल तिथे फोनवर आधी विचारा की घामाची तपासणी महिन्याला किती होतात. आणि अहवाल हातात आला की डॉक्टरांना एवढे विचारा: हा आकडा क्लोराईडचा आहे की वाहकतेचा?