चढणीचे मासे

दुधना, पूर्णा, गिरजा या जालना जिल्ह्यातल्या नद्यांना पावसाळ्यात पहिले गढूळ पाणी आले, की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत शिरू लागतात. हेच चढणीचे मासे. त्यांची पोटे गाभोळीने भरलेली असल्यामुळे खवय्यांना ते फार आवडतात. पण मासे नेमके याच वेळी का चढतात?

कटला, रोहू यांसारखे कार्प कुळातले मासे पुराच्या पाण्यात अंडी घालतात. पसरलेल्या उथळ पाण्यात प्राणवायू भरपूर असतो आणि पिलांना लागणारे सूक्ष्म जीवही लवकर वाढतात. वाढती पातळी, प्रवाहाचा वेग, गार झालेले पाणी हे माशाला मिळणारे संकेत होत. ते मेंदूपर्यंत पोचले, की पीयूषिका ग्रंथीतून संप्रेरके स्रवतात आणि अंडी पक्व होतात. साचलेल्या तळ्यात हे संकेत मिळत नाहीत, म्हणून तिथे गाभोळी भरूनही मासे अंडी घालत नाहीत. 1957 साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना अंडी घालायला लावले. पुराचे काम सुईने केले! आज शेततळ्यांत सोडले जाणारे मत्स्यबीज या तंत्रातूनच पुढे आलेले आहे.

युरोपातल्या सॅमन माशाची चढण याहून लांबची. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि पाण्याच्या वासावरून जन्माची नदी ओळखून परततो. ‘सी ट्राउट’ हा मासाही असाच समुद्रातून परततो. स्कॉटलंडमध्ये नदीचे ‘बीट’ नावाचे पट्टे पाडलेले असतात. आपल्या पट्ट्यात उभे राहून हौशी लोक पिसे आणि केस बांधून केलेली नकली माशी गळाला लावतात. माशी इतकी हलकी, की ती एकटी लांब फेकता येत नाही. म्हणून दोरच जाड आणि वजनदार करतात आणि तो माशीला ओढून नेतो. यालाच फ्लाय फिशिंग म्हणतात. गंमत अशी, की नदीत शिरलेला सॅमन खाणे जवळजवळ थांबवतो, तरी माशीवर झडप घालतो. सवयीने की चिडून, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

या खेळाचे नियम आपल्याला अधिक शिकवणारे आहेत. वर्षातला ठरावीक काळ तिथे सॅमनच्या मासेमारीला बंदी असते. रविवारीही तो धरायचा नाही. 2015 पासून तर 1 एप्रिलच्या आत गळाला लागलेला सॅमन पाण्यात परत सोडावा लागतो. चढणाऱ्या माशाला वाट मिळालीच पाहिजे, हे त्यामागचे सूत्र.

आपल्याकडे कोणी म्हणेल, एक मासा लाखो अंडी घालतो, मग चार मासे खाल्ले तर काय बिघडले? पण त्या लाखांतली फारच थोडी पिले मोठी होतात. अंड्यांची मोठी संख्या ही या नासाडीचीच तरतूद आहे. शिवाय ओढ्याचे तोंड अरुंद असते. तिथे आडवे जाळे लावले, तर त्या वर्षीचे बहुतेक जनक एकाच ठिकाणी, अंडी घालण्यापूर्वीच सापडतात.

जाळ्याखेरीज दुसरा अडथळा भिंतींचा. गोदावरीवर वरच्या अंगाला पैठणजवळ जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झाले. पुढे जालना जिल्ह्याच्या हद्दीत जोगलादेवी, मंगरूळ, लोणीसावंगी असे बंधारे झाले. पाणी आपल्याला हवेच. पण भिंत बांधताना माशांसाठी पायऱ्यांची वाट ठेवता येते. मात्र सॅमन उंच उडी मारणारा मासा आहे. त्याच्यासाठी केलेली वाट आपल्या माशांना जशीच्या तशी चालेल असे नाही. त्यांची पोहण्याची ताकद पाहून तिचा उतार ठरवावा लागेल.

शाळेत यावर एक सोपा उपक्रम करता येईल. गावच्या ओढ्याला पहिला पूर कोणत्या तारखेला आला, कोणते मासे चढले, कुठे अडले, हे विद्यार्थ्यांनी दरवर्षी वहीत टिपावे. पूर्वी कोणते मासे चढत, हे भोई समाजातल्या जाणत्यांना विचारावे. पुराच्या पाण्यात मात्र कोणी उतरू नये. नोंदी काठावरूनच घ्याव्यात. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदी झाल्या, की पहिल्या पुराचे निदान आठ दिवस जाळी आवरायला गावाला सांगताना आपल्या हाती आधार असेल.