स्पर्शाला बिचकणारे मूल आणि धान्याची परात

नव्या सदऱ्याच्या गळ्याची चिठ्ठी टोचते म्हणून तो काढून टाकणारे, वरणभाताने बोटे माखताच रडू लागणारे मूल आपल्या घरांत बहुधा ‘हट्टी’ ठरते. पाहुण्यांनी गाल कुरवाळले आणि त्याने तोंड फिरवले, की आईने लावलेल्या वळणाचीही चर्चा होते. वास्तविक अशा काही मुलांना हलका, अवचित स्पर्श संकटासारखा जाणवतो. अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन एयर्स यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या स्थितीचा सविस्तर विचार केला आहे.

हलक्या स्पर्शाने बिचकणाऱ्या अनेक मुलांना घट्ट, स्थिर दाब मात्र सुखावतो. म्हणून मुलाची इच्छा असेल तर त्याला प्रथम जाड चादरीत गुंडाळावे. चेहरा उघडा असावा आणि वाटेल तेव्हा त्याला बाहेर पडता यावे.

मग परातीत राजमा किंवा काबुली चणे घ्यावेत, त्यांत बांगड्या लपवाव्यात. पहिल्या दिवशी मुलाने पळीनेच शोधले तरी चालेल. व्यापारी घरातील मुलांना ‘दुकान’ मांडायला आवडतेच. मापाने भरणे, तराजूत तोलणे, पुड्या बांधणे या नादात हात आपोआप धान्यात जातो. त्याचा हात धरून आत घालू नये. एका जबरदस्तीने आठवड्याची कमाई जाते. तीन वर्षांखालील मुलांना मात्र दाणे देऊच नयेत, आणि मोठ्या मुलांजवळही कुणीतरी बसावे. दाणा नाकाकानात जाण्याची भीती असते. खेळातले धान्य वेगळ्या डब्यात ठेवून पुन्हा वापरावे. पावसाळ्यात ते निवडून, चाळून घ्यावे, हे आपल्या घरांत निराळे सांगायला नको.

कापडाचे दुकान असेल तर मांजरपाट, मखमल, खादी यांचे नमुने घरी आणावेत. कोणता तुकडा आधी, हे मुलानेच ठरवावे.

चिकट पदार्थ सर्वांत अवघड, म्हणून ते शेवटी. सैल भिजवलेले पीठ जाड पिशवीत घट्ट बंद करून बाहेरूनच दाबू द्यावे. पुढे कोरडे पीठ, मग कणकेचा घट्ट गोळा. शेजारी ओला रुमाल ठेवावा. हात केव्हाही पुसता येतो, हे ठाऊक असले की मूल धीर करते.

जेवण, आंघोळ, झोप किंवा शाळा यांत अडथळा येत असेल, तर घरच्या खेळांवर विसंबून राहू नये. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ऑक्युपेशनल थेरपिस्टना भेटावे. जाताना, कोणत्या स्पर्शाने मूल बिचकते आणि कशाने शांत होते, याची आठ-दहा दिवसांची टिपणे सोबत न्यावीत.