महिन्याची की महिन्यांची?

शाळा मला फारशी लाभली नाही. इंग्रजी व्याकरण शिकलो ते कामगारांच्या नोटिसा वाचता वाचता. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली २५-एफ हे कलम आले. वर्षभर सलग राबलेल्या कामगाराला कपातीत काढताना “वन मंथ’स नोटिस”, म्हणजे एका महिन्याची नोटीस, आणि नोकरीच्या दर पुऱ्या वर्षामागे “फिफ्टीन डेज’ ॲव्हरेज पे”, म्हणजे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, असे त्यात लिहिले होते. पहिल्या ठिकाणी अपॉस्ट्रॉफी एस अक्षराच्या आधी, दुसऱ्या ठिकाणी नंतर. असे का?

उत्तर आपल्या मराठीतच आहे. “महिन्याची” म्हणजे एकाच. “महिन्यांची” म्हणजे अनेक. आपला अनुस्वार जे सांगतो, तेच तिथे चिन्हाची जागा सांगते. काळवाचक शब्दाला चा-ची-चे लागत असेल, तर चिन्ह द्यावे: एकवचनात एसपूर्वी, अनेकवचनात एसनंतर. “दोन महिने झाले” यात षष्ठी नाही. तिथे नुसते “टू मंथ्स”.

इंग्रजीत “मंथ’स” आणि “मंथ्स’” कानाला सारखेच. आकडा गाळलेल्या करारात ही एकच खूण उरते. तेव्हा सही करण्यापूर्वी ती पाहावी, आणि आकडाही लिहून मागावा.