आधी पान पाहावे

आपल्या छत्रपती संभाजीनगरात गच्चीवरच्या कुंडीतली अंबाडी पिवळी पडली, की आम्ही मूठभर युरिया टाकून मोकळे होतो. युरियात शंभरात ४६ भाग नत्र असते. लोह मुळीच नसते. खालची जून पाने पिवळी पडली, तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या, तर लोहाची उणीव. मराठवाड्याच्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना लाभत नाही. तेथे लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारावा. उलट, जादा युरियाने मुळांना पाणी शोषता येत नाही, रोप करपते. तेव्हा मागणी समजून घेतल्यावाचून तोडगा काढू नये, हा संघटनेतला धडा कुंडीलाही लागू आहे.