वाटेत सापडलेला रुपया

'रिक्षाचालकाचा प्रामाणिकपणा' किंवा 'वाहकाने परत केली दागिन्यांची पर्स' अशा मथळ्याची चौकट कधीच वाचली नाही, असा मराठी वाचक मिळणे कठीण. सोबतचे छायाचित्रही ठरलेले. एका बाजूला डोळे पुसणाऱ्या बाई, दुसऱ्या बाजूला खाकी सदऱ्यातला संकोचलेला माणूस, मध्ये पर्स आणि मागे पोलीस निरीक्षक. मी या बातम्या आवडीने वाचतो, काही कापूनही ठेवल्या आहेत. त्या एकत्र वाचताना मात्र एक गोष्ट खटकते. बँकेतल्या अधिकाऱ्याने किंवा डॉक्टरने पाकीट परत केले, तर त्याची चौकट सहसा होत नाही. आपल्याला नवल वाटते ते गरजवंताने परत केल्याचे. या नवलापोटी मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. सापडलेला पैसा परत करणे ही मनाची थोरवी, की साधे कर्तव्य? आणि कर्तव्य असेल, तर ते सुरू कुठून होते?

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांनी हा विषय थोरवीच्या खात्यात टाकलेला नाही. तो व्यवहारात, म्हणजे कायद्यात घातला आहे. गौतमाच्या धर्मसूत्राप्रमाणे मालक ठाऊक नसलेले धन सापडले तर राजाला कळवावे, राजाने ते जाहीर करून वर्षभर सांभाळावे, आणि त्यानंतर चौथा हिस्सा ज्याला सापडले त्याला, उरलेला राजाला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मुदत तीन वर्षांची आहे. मालक आला तरी सांभाळल्याबद्दल राजाने सहावा, दहावा किंवा बारावा भाग घ्यावा, अशी मुभाही तिथे आहे. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती उलटतपासणी. 'हे माझे' म्हणत येणाऱ्याला वस्तूचे रूप, रंग, माप, हरवल्याची जागा आणि वेळ विचारायची. सांगता आले नाही तर तेवढ्याच किमतीचा दंड. एसटीच्या आगारात विसरलेली पिशवी मागायला जा, 'आत काय काय होतं, सांगा' हा प्रश्न आजही पहिला असतो.

म्हणजे सगळी भिस्त खुणेवर. आणि पैशाची अडचण हीच की त्याला खूण नसते. पाचशेची एक नोट दुसरीसारखीच दिसते. ज्यूंच्या मिश्नेतील 'बाबा मेत्झिया' या भागात या अडचणीचा फार बारकाईने विचार केला आहे. विखुरलेली नाणी ज्याला सापडतील त्याची, कारण मालकाने त्यांची आशा सोडली असे धरले जाते. थैलीत नाणी असतील, तर मात्र जाहीर करायचे. एकावर एक अशी तीन नाणी सापडली, तरीही जाहीर करायचे. नाणी आपोआप एकावर एक चढत नाहीत; ती कुणीतरी रचली आहेत. तेवढ्या रचण्यातूनही मालक दिसतो.

मेकॉलेच्या आयोगाने ज्याचा पहिला मसुदा केला, त्या १८६० च्या भारतीय दंड विधानाचे कलम ४०३ वाचताना मला ही नाणी आठवतात. आता ते भारतीय न्याय संहितेत ३१४ क्रमांकाने आले आहे. कलमाखालची उदाहरणे छोट्या गोष्टींसारखी आहेत. हमरस्त्यावर एकाला रुपया सापडतो, कोणाचा ते त्याला ठाऊक नाही, तो उचलतो. गुन्हा नाही. दुसऱ्याला पत्र सापडते, आत नोट आहे, पत्त्यावरून आणि मजकुरावरून ती कोणाची ते कळते, तरी तो ठेवून घेतो. गुन्हा. तिसरा डोळ्यांदेखत पडलेली थैली परत देण्याच्या इराद्यानेच उचलतो आणि पुढे खर्चून टाकतो. गुन्हाच. उचलतानाचा चांगला हेतू पुढे कामाला येत नाही. मोह घरी गेल्यावरही होतो, हे मसुदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. मौल्यवान अंगठी सापडताच मालकाचा शोध न घेता विकणाराही दोषी. शोध वाजवी हवा, थांबणेही वाजवी हवे; किती, हे कायदा आकड्यात सांगत नाही, प्रसंगावर सोडतो.

१८७२ च्या करार कायद्याचे ७१ वे कलम आणखी एक गाठ मारते. सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच. उचललीच पाहिजे अशी सक्ती नाही, पण उचलली की ती अमानत. रेल्वे सुरक्षा दल प्रवाशांचे हरवलेले सामान परत करते त्या मोहिमेचे नावही 'ऑपरेशन अमानत' आहे. सरकारी नावे इतकी नेमकी क्वचितच असतात.

या ठिकाणी आपल्या एका लाडक्या तोडग्याबद्दल बोलले पाहिजे: दानपेटी. शंभराची नोट सापडली, खिशात ठेवायला मन धजत नाही, चौकीवर जायचा कंटाळा, म्हणून ती देवळात टाकायची. बिनखुणेच्या नोटेबाबत याला माझी हरकत नाही. पण पाकिटात आधार कार्ड असताना पैसे पेटीत आणि पाकीट टपालपेटीत, असेही करणारे असतात. त्यात सुटका होते ती सापडलेल्याची. ज्याचे गेले त्याच्या हाती काही येत नाही, आणि ठेव सांभाळणाऱ्याला ती दान करण्याचा हक्क कोणी दिला? 'लक्ष्मी चालून आली' म्हणणारा निदान स्वतःला फसवत नाही. अर्थात त्या वाक्यातही लक्ष्मी कुणाच्या घरून निघाली, हे वगळलेलेच असते.

माणसे प्रत्यक्षात काय करतात? २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. भारतासह ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून अधिक पाकिटे 'सापडली' म्हणून बँका, टपाल कार्यालये, हॉटेले, पोलीस चौक्या अशा ठिकाणी दिली गेली. पाकीट पारदर्शक, आत मालकाच्या नावाची कार्डे, वाणसामानाची यादी आणि किल्ली. पैसे नसताना सुमारे ४० टक्के लोकांनी मालकाला कळवले. थोडी रक्कम असताना ५१ टक्क्यांनी. सर्वसामान्य लोकांचा अंदाज नेमका उलटा होता. तीन देशांत रक्कम सातपट केली, तेव्हा कळवणारे आणखी वाढले. किल्ली काढून घेतली, तेव्हा मात्र कमी झाले. किल्ली परक्याच्या काहीच कामाची नाही, मालकाचे मात्र तिच्यावाचून अडते. ती दिसली की मालक दिसतो, असा अर्थ मी लावतो. या प्रयोगात चीन तळाला होता. पुढे २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की तिथे बरेच लोक ईमेल न पाठवता पाकीट जपून ठेवतात आणि मालक येण्याची वाट पाहतात. मोजमाप ईमेलचे होते, म्हणून जपणारे अप्रामाणिकांत मोजले गेले. गौतमाचा राजाही त्या मोजणीत नापास झाला असता.

यूपीआयच्या काळात पैशाला अखेर खूण मिळाली. चुकून आपल्या खात्यात आलेल्या रकमेवर पाठवणाऱ्याचे नाव असते, आणि चुकून मिळालेले पैसे परत करावेत, हे करार कायद्याच्या ७२ व्या कलमात आहेच. मालक इतका उघड कधीच नव्हता. पण 'चुकून आले, परत पाठवा' ही फसवणुकीची रीतही झाली आहे, त्यामुळे सज्जन माणूसही बिचकतो. फोन करणाऱ्याने सांगितलेल्या क्रमांकावर पैसे न पाठवता आपल्या बँकेला कळवणे, हा आजचा वाजवी शोध. मनूची उलटतपासणी आता बँकेने करायची.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तो मला त्या बातम्यांकडे परत नेतो. जपानमध्ये मालकाने सापडवून देणाऱ्याला ५ ते २० टक्के मोबदला द्यावा, असे कायदाच सांगतो. आपल्याकडे करार कायद्याचे १६८ वे कलम म्हणते की स्वखुशीने घेतलेल्या तसदीबद्दल मालकावर दावा लावता येत नाही. मात्र खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल, तरच त्यासाठी दावा चालतो. वस्तू अडवून बसलेल्या रिक्षावाल्याचा सत्कार कोणी करणार नाही, हे उघड आहे. पर्स मालकिणीपर्यंत पोचवताना, चौकीत जबाब देताना त्याच्या दिवसाच्या किती फेऱ्या बुडाल्या आणि किती गॅस जळला, हे माझ्याजवळच्या एकाही कात्रणात लिहिलेले नाही. शालीचा रंग मात्र दोन ठिकाणी दिला आहे.